संपादकाच्याच घरचा पेपर आला तर फाइल कुठे जायला हवी?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण ही परिस्थिती मी जवळजवळ जशीच्या तशी बघितलीय. थोडक्यात तुम्ही म्हणताय की नवी मुंबईतल्या एका संस्थेच्या त्रैमासिक सायन्स जर्नलचं ऑफिस नुकतंच तुमच्या अंगावर पडलंय, मुख्य संपादक तुमचेच जुने सर आहेत, आणि आता सरांच्याच पीएचडीच्या विद्यार्थिनीचा पेपर आलाय ज्यात सर शेवटचे लेखक आहेत, आणि सर म्हणतायत "माझ्याकडेच राहू दे, मी बघतो". शिवाय एक सहसंपादक एमआयडीसीतल्या कंपन्यांना सांडपाण्याबद्दल सल्ला देतात आणि प्रदूषणावरचे सगळे पेपर त्यांच्याकडेच जातात. नियम कसे करू की सर दुखावणार नाहीत, असं विचारलंय.

मी ठाण्यात राहते, मायक्रोबायोलॉजी शिकवली, आणि १४ वर्षं एका छोट्या संस्थेच्या जर्नलचं काम केलं. आधी ९ वर्षं तुमच्यासारखं ऑफिस सांभाळलं आणि मग ५ वर्षं मुख्य संपादक होते, म्हणजे "सर, हे तुम्हाला बघता येणार नाही" हे वाक्य मी बोललेय पण आणि ऐकलंय पण.

नियम तर तयार मिळतात हो. आयसीएमजेई म्हणजे मेडिकल जर्नलच्या संपादकांची जी कमिटी १९७८ साली व्हँकुव्हरच्या बैठकीतून सुरू झाली, त्यांच्या शिफारशींमध्ये सरळ म्हटलंय की शेवटचा निर्णय घेणाऱ्या संपादकाचा एखाद्या पेपरशी संबंध असेल तर त्याने त्या निर्णयातून बाजूला व्हावं, आणि गेस्ट एडिटरलाही हेच लागू. प्रकाशनातल्या नीतिनियमांचं बघणारी कोप ही संघटना १९९७ पासून आहे, मेडिकल संपादकांची वेम ही संघटना १९९५ पासून, त्यांचंही म्हणणं साधारण तेच. तुमची अडचण अशी की हे वाक्य सरांना वाचून दाखवलं की सरांना त्यातून ऐकू येतं "आमचा तुमच्यावर विश्वास नाही". ते दुखावतात, तुम्ही गप्प बसता, आणि पेपर त्यांच्याकडेच राहतो. आपल्याकडच्या छोट्या जर्नलमध्ये गाडी बहुतेक वेळा इथेच अडकते.

म्हणून आधी स्वतःच्या डोक्यात एक गोष्ट पक्की करा, ती पक्की असेल तर बोलताना तुमचा आवाज आपोआप वेगळा लागतो. हितसंबंध म्हणजे आरोप नाही. माणूस त्या पेपरच्या संदर्भात कुठे उभा आहे एवढंच त्यातून कळतं. दहावीचे पेपर तपासणाऱ्या बाईंचा मुलगा त्याच वर्षी दहावीला असला तर त्या आपण होऊन सांगतात आणि बाजूला होतात, त्यात त्यांना कधी अपमान वाटला असं मी ऐकलं नाही, कारण त्या प्रामाणिक आहेत का हा प्रश्न तिथे कोणी विचारतच नाही. जर्नलमध्येही तसंच हवं. फाइल कोणाकडे जाते एवढंच ठरवायचं, आणि तेही पेपर यायच्या आधी ठरलेलं असायला हवं, म्हणजे ऐनवेळी कोणा एकाला कोणा दुसऱ्याच्या सचोटीचा न्यायनिवाडा करावा लागत नाही.

आता माझा पहिला धडा सांगते. काम हातात घेतलं त्या वर्षी मी मोठ्या उत्साहाने बोर्डावरच्या सगळ्यांना एक फॉर्म पाठवला, त्यात एकच प्रश्न, तुमचे काही हितसंबंध आहेत का, असल्यास लिहा. १७ जणांना पाठवला आणि १७ही जणांनी "निरंक" लिहून परत केला. त्यातले दोघं एकमेकांचे व्याही होते आणि एक जण एका औषध कंपनीच्या सल्लागार मंडळावर होते, हे मला तेव्हाही माहीत होतं. ते खोटं बोलत होते असं मला वाटलं नाही, आजही वाटत नाही. हितसंबंध म्हटलं की माणसाच्या डोळ्यासमोर लाच येते, आणि लाच काही कोणी घेतली नव्हती, मग लिहिणार काय.

पुढच्या वर्षी तो शब्दच फॉर्ममधून काढला. साधे प्रश्न टाकले. गेल्या ३ वर्षांत पगार सोडून कोणाकडून मानधन, प्रवासखर्च, लॅबसाठी उपकरण किंवा केमिकल मिळालं? कोणाला कन्सल्टन्सी केली, कोणाच्या रिपोर्टवर सही आहे? पेटंट, शेअर, नातेवाइकाची कंपनी? सध्या कोणाचे गाईड आहात, आणि पूर्वी कोणाचे होता? गेल्या ४ वर्षांत कोणाबरोबर पेपर किंवा ग्रँट? या विषयात काम करणारं घरातलं कोणी? कोणत्या सिलेक्शन किंवा प्रमोशन कमिटीवर आहात? एवढंच. आणि पानंच्या पानं भरून आली! तीच माणसं, तेच बोर्ड. एकांनी तर सोबत चिठ्ठी लावली होती की हे सगळं विचारायचं असतं हे मला आधी कोणी सांगितलंच नव्हतं.

वर्षांचे आकडे मी मनाने नव्हते काढले. आयसीएमजेईच्या लेखकांच्या फॉर्ममध्ये बहुतेक प्रश्न मागच्या ३६ महिन्यांचे असतात, अमेरिकेतलं पीएनएएस हे जर्नल गेल्या ४८ महिन्यांत ज्यांच्याबरोबर पेपर किंवा ग्रँट आहे त्यांना संपादक आणि रिव्ह्यूअर, म्हणजे पेपर तपासून मत देणारे तज्ज्ञ, म्हणून वगळतं. पैशांसाठी ३ आणि सहलेखनासाठी ४ वर्षं असं आम्ही धरलं. गाईड-विद्यार्थी नात्याला मात्र मुदत ठेवली नाही, कारण आपल्याकडे ते नातं संपत नाही, साठीला आलेला माणूससुद्धा आपल्या गाईडच्या पेपरला नाही म्हणताना घाम पुसतो.

किती पैसे मिळाले हे विचारायचं का, यावर आमच्या बोर्डात बराच वाद झाला. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनने १९९० मध्ये नियम केला होता की आढावा लेख आणि संपादकीय लिहिणाऱ्याचे त्या विषयातल्या कंपनीत आर्थिक हितसंबंध नकोतच, मग २००२ मध्ये तो सैल केला आणि वर्षाला १०,००० डॉलरची मर्यादा घातली, त्यावरून तिकडेही खूप बोललं गेलं. माझं मत स्पष्ट आहे, आपल्या आकाराच्या जर्नलने रक्कम विचारू नये, नाव विचारावं. आपल्याकडे आकडे लहानच असतात आणि नातं त्या आकड्यात मावत नाही, ५,००० रुपयांचं मानधन देणारी कंपनी पुढच्या वर्षी तुमच्या विद्यार्थ्याला नोकरी देणार असते. शिवाय रक्कम विचारली की फॉर्म रिकामे येतात, हा माझा अनुभव.

आणि यात लाजण्यासारखं काही नाही हे बोर्डाला पटवायला एक अभ्यास उपयोगी पडतो. २०१७ साली बीएमजे या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता, अमेरिकेतल्या ५२ मेडिकल जर्नलचे ७१३ संपादक घेतले आणि औषध-उपकरण कंपन्यांनी कोणाला किती दिले ते २०१४च्या सरकारी नोंदींवरून पाहिलं. निम्म्याहून थोड्या जास्त संपादकांना संशोधनाव्यतिरिक्त काही ना काही रक्कम मिळालेली होती. अनेकांची किरकोळ, पण काहींची चांगली मोठी. तिकडे कायद्यानेच ही नोंद कोणालाही बघता येते. आपल्याकडे तसं उघडं रजिस्टर नाही, त्यामुळे तुमचा तो एक पानी फॉर्म हेच एकमेव साधन आहे, तो नीट करा.

आता तुमच्या सहसंपादकांकडे येते, कारण याच प्रकरणात मी सगळ्यात जास्त शिकले.

आमच्याकडे एक पेपर आला होता, ऐरोलीच्या बाजूच्या खाडीतल्या गाळात शिसं, कॅडमियम, क्रोमियम किती आहे यावर. ठाणे खाडी २०१५ला फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ला रामसर या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेली, त्यामुळे खाडीवर काम करणारे वाढले आणि तिच्या काठच्या ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्यांना सल्ला देणारेही वाढले, आणि बऱ्याचदा ती दोन्ही माणसं एकच असतात, कारण गाळ तपासता येणारी माणसं या भागात आहेत किती! पेपर ज्या सहसंपादकांकडे गेला त्यांनी दोन रिव्ह्यूअर निवडले, दोघांनीही नको म्हटलं, पेपर परत गेला. दोन वर्षांनी एका शनिवारी संध्याकाळी तो लेखक नौपाड्यात माझ्या घरी आला. हातात प्रिंटआउट, एका कंपनीच्या पर्यावरण अहवालाचं शेवटचं पान. "मॅडम, ही सही बघा." सही आमच्या सहसंपादकांची होती. आणि कंपनीचा नाला नमुन्यांच्या ज्या ठिकाणाजवळ उघडत होता, त्याच ठिकाणचं क्रोमियम पेपरमध्ये सगळ्यात जास्त होतं.

मी रात्री बसून जुनी फाइल काढली. रिजेक्शनची कारणं चुकीची नव्हती. गाळ आम्लात विरघळवून एएएस या धातू मोजायच्या उपकरणावर मोजला होता पण सोबत सर्टिफाइड रेफरन्स मटेरियल चालवलेलं नव्हतं, म्हणजे आकडे खरे आहेत याचा ताळा नाही, आणि नमुने फक्त मे महिन्यातले. मी असते तरी परत पाठवला असता. पण हे मी त्या मुलाला कोणत्या तोंडाने सांगणार? त्याच्या दृष्टीने कंपनीच्या माणसाने त्याचा पेपर मारला, आणि तसं झालं नाही हे दाखवायला माझ्याकडे एक ओळ नव्हती. ना सहसंपादकांनी तेव्हा कळवलेलं, ना मी विचारलेलं. रिव्ह्यूअर त्यांनीच निवडलेले, ते का निवडले हेही कुठे लिहिलेलं नाही.

सहसंपादकांना फोन केला तर ते खरोखर हादरले. म्हणाले, "अहो, कारणं टेक्निकल होती, कन्सल्टन्सीचा विचार माझ्या मनातही आला नाही." माझा त्यांच्यावर विश्वास बसला. पण हितसंबंध असे मनात न येताच काम करतात, म्हणून तर ते लिहून घ्यायचे. शेवटी आम्ही पेपर पुण्याच्या आणि गोव्याच्या दोन नव्या रिव्ह्यूअरना पाठवला, संपादक म्हणून बाहेरच्या एका प्राध्यापकांना नेमलं. एकाने नको म्हटलं, दुसऱ्याने मोठी सुधारणा सुचवली, लेखकाने पावसाळ्यानंतरचे नमुने घेतले, रेफरन्स मटेरियल चालवलं आणि पेपर छापला. क्रोमियमचा आकडा थोडा खाली आला पण ठिकाण तेच राहिलं. त्या मुलाची दोन वर्षं गेली. प्रमोशनसाठी त्याला तो पेपर हवा होता, ते त्याने मला खूप नंतर सांगितलं. ते मला आजही लागून आहे.

या प्रकरणातून जे कळलं ते तुम्ही आधीच घ्या. सगळे लोक "स्वीकारलं की नाकारलं" या शेवटच्या निर्णयाकडे बघतात, पण संपादकाची खरी ताकद त्याच्या आधीच्या दोन ठिकाणी असते जिथे कोणी बघत नाही. एक म्हणजे रिव्ह्यूला न पाठवताच परत करणं, म्हणजे डेस्क रिजेक्ट, आणि दुसरं रिव्ह्यूअर निवडणं. कडक माणूस निवडला की पेपर पडतो, मवाळ निवडला की तरतो, आणि कागदावर दोन्ही वेळा "रिव्ह्यूअरच्या मतानुसार" असंच दिसतं. त्यामुळे "सर शेवटचा निर्णय घेणार नाहीत पण रिव्ह्यूअर सुचवतील" ही तडजोड कोणी सुचवली तर ती घेऊ नका, तीच सगळ्यात वाईट. बाजूला व्हायचं म्हणजे पहिल्या दिवसापासून, फाइल उघडायच्या आधी.

म्हणून तुमच्या सहसंपादकांच्या बाबतीत मी असं करेन. त्यांना काढायचं नाही, त्यांचं ज्ञान तुम्हाला हवंय. त्यांच्याकडून कंपन्यांची नावं आणि त्या कंपन्यांचं पाणी कुठे सुटतं ते लिहून घ्यायचं, आणि त्या पट्ट्यावरचा किंवा त्या उद्योगावरचा पेपर आला की तो त्यांच्याकडे जाणारच नाही, दुसऱ्याकडे जाईल. समजा पातालगंगेवरचा पेपर आला आणि तिथे त्यांचा काही संबंध नाही, तर तो त्यांनी बघायला हरकत नाही. आणि वर्षाचा फॉर्म असला तरी प्रत्येक पेपर सोपवताना एक ओळ विचारायचीच, "लेखक, त्यांची संस्था, पैसे देणारा, आणि ज्याच्यावर या निष्कर्षाचा परिणाम होईल तो, यातल्या कोणाशी तुमचा संबंध आहे का?" यातलं शेवटचं नाव लोक विसरतात. आमच्या प्रकरणात कंपनी ना लेखक होती ना पैसे देणारी, तिचं नावसुद्धा पेपरमध्ये नव्हतं.

आता सरांचा पेपर. संपादकाने स्वतःच्या जर्नलमध्ये छापूच नये असं काही नाही, छोट्या विषयात दुसरं जर्नलच नसतं कधी कधी. पण प्रमाण आणि पद्धत दोन्ही सांभाळावी लागते. डीओएजे या ओपन ॲक्सेस जर्नलच्या यादीत राहायचं असेल तर संपादक, बोर्ड मेंबर किंवा रिव्ह्यूअर लेखक असलेले संशोधन पेपर शेवटच्या दोन अंकांपैकी कुठल्याही एका अंकात २५ टक्क्यांच्या वर गेलेले चालत नाहीत. तुमच्या अंकात ८ पेपर असतील तर दोन झाले की थांबायचं, हा हिशोब प्रत्येक अंक लावताना करत जा. २०२१ मध्ये पीएलओएस बायोलॉजीत एक पाहणी आली होती, ५,४६८ बायोमेडिकल जर्नल घेऊन त्या त्या जर्नलमध्ये सगळ्यात जास्त छापणाऱ्या लेखकाचा वाटा मोजला, मधला आकडा २.९ टक्के निघाला. ज्या जर्नलमध्ये एकाच माणसाचा वाटा त्याच्या कितीतरी पट वर जातो, तिथे तो माणूस बऱ्याचदा त्याच जर्नलच्या बोर्डावर सापडतो. तुमच्या जर्नलचा हा आकडा एक्सेलमध्ये अर्ध्या तासात निघेल, काढा.

पद्धत चुकली नसली तरी दिसायला चुकली की काय होतं त्याचं एक उदाहरण सगळ्यांना माहितीये. मार्च २०२० मध्ये कोविडवर हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन देण्याबद्दलचा तो फ्रेंच पेपर एका आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये आला, १६ मार्चला पाठवला आणि १७ला स्वीकारला, आणि लेखकांमध्ये त्याच जर्नलचे मुख्य संपादक होते. नंतर सांगण्यात आलं की त्यांचा रिव्ह्यूशी संबंध नव्हता, दुसऱ्या संपादकाने पाहिला. असेलही. पण एका दिवसाचं ते अंतर लोकांच्या लक्षात राहिलं, वर्षानुवर्षं त्यावर बोललं गेलं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये पेपर मागे घेतला गेला, त्याची कारणं अर्थात नुसती वेगाची नव्हती. तुमच्या सरांच्या विद्यार्थिनीच्या वाट्याला यातलं काहीही येऊ नये, हा मुद्दा सरांना सगळ्यात लवकर पटतो. तिचा व्हायवा होणार, ती उद्या इंटरव्ह्यूला जाणार, तिथे कोणी विचारलं की "गाईडच्याच जर्नलमध्ये छापलंत का", तर तिच्याकडे उत्तर असायला हवं.

ते उत्तर असं तयार होतं. पेपर आल्या दिवशी तुम्ही तो सरांच्या यादीतून काढून बोर्डावरच्या अशा माणसाकडे द्यायचा जो सरांचा विद्यार्थी नाही आणि सरांच्या कॉलेजात नाही. तसा कोणी नसेल, आणि छोट्या बोर्डात नसतोच बऱ्याचदा, तर बाहेरच्या कोणाला त्या एका पेपरपुरते संपादक नेमायचं, अंकात त्यांचं नाव द्यायचं. रिव्ह्यूअर त्यांनीच निवडायचे, एक तरी मुंबई-ठाणे-पनवेलच्या बाहेरचा. निर्णयाचं पत्र त्यांच्या सहीने जाईल. आणि छापताना पेपरच्या खाली दोन ओळी, की यातले अमुक लेखक या जर्नलचे मुख्य संपादक आहेत, या पेपरच्या रिव्ह्यूत त्यांचा सहभाग नव्हता आणि त्याची माहितीही त्यांना उपलब्ध नव्हती, निर्णय तमुक संपादकांनी घेतला. मोठे पब्लिशर अशीच वाक्यं छापतात.

पण "माहितीही उपलब्ध नव्हती" हे लिहायचं तर ते खरं असायला हवं, आणि इथे आपली छोटी जर्नल फसतात. आमचं सगळं काम आधी एका जीमेलवर चालायचं आणि त्याचा पासवर्ड पाच जणांकडे होता. तेव्हाच्या मुख्य संपादकांच्या पेपरवर एका तरुण लेक्चररने कडक रिव्ह्यू लिहिला, तो त्याच इनबॉक्समध्ये नावासकट येऊन पडला. संपादकांनी तो उघडला की नाही मला माहीत नाही, पण त्या मुलाला कोणीतरी सांगितलं की सर तो इनबॉक्स रोज बघतात, आणि दुसऱ्या फेरीत त्याचा रिव्ह्यू एकदम चार ओळींचा झाला, "सुधारणा समाधानकारक". वाचून कससंच झालं. तेव्हापासून अशा पेपरसाठी वेगळा ईमेल, ज्याचा पासवर्ड फक्त त्या पेपरच्या संपादकाकडे आणि ऑफिसकडे. ओजेएस किंवा जर्नल चालवायचं दुसरं सॉफ्टवेअर असेल तर तिथे कोणाला कोणती भूमिका दिलीय ते बघा, कारण मॅनेजरचे हक्क असलेल्या माणसाला सगळं दिसण्याची शक्यता असते. टेस्ट म्हणून एक खोटा पेपर टाका आणि सरांच्या लॉगिनने सरांसमोरच उघडून बघा काय काय दिसतं. सरांनाही बरं वाटतं, कारण उद्या कोणी बोट दाखवलं तर मला दिसतच नव्हतं हे त्यांना छातीठोकपणे सांगता येतं.

इथे परिस्थितीवर अवलंबून असलेलं बरंच आहे, ते मान्य करते. विषय इतका छोटा असेल की महाराष्ट्रात दहाच माणसं ते काम करतात, तर सगळे संबंध वगळले की कोणीच उरत नाही. तेव्हा मी असं बघायचे. पैसे, घरचं नातं, गाईड-विद्यार्थी, एकच डिपार्टमेंट किंवा स्वतःचा पेपर असेल तर पूर्ण बाजूला, त्यात चर्चा नाही. जुनं सहलेखन, एकाच विद्यापीठातलं वेगळं कॉलेज, एका प्रोजेक्टमधली ओळख असं असेल तर लिहून ठेवायचं आणि निर्णयावर दुसऱ्या संपादकाची सही घ्यायची. आणि कॉन्फरन्सला भेटलो, एका व्हॉट्सॲप ग्रुपवर आहोत एवढंच असेल तर नोंद पुरे. खरा त्रास मैत्रीपेक्षा वैराचा असतो. मित्राच्या पेपरला लोक लाजेखातर तरी बाजूला होतात, पण ज्याच्याशी भांडण आहे किंवा ज्याचा शोध आपल्या आधी छापला जाईल अशी भीती आहे त्याच्या पेपरवर "मी तर निष्पक्ष आहे" म्हणून बसून राहतात. फॉर्ममध्ये हे कोणी लिहीत नाही. त्यासाठी लेखकालाच सबमिशनच्या वेळी विचारा, कोणाकडे जाऊ नये असं वाटतं का, दोन नावांपर्यंत, कारण न विचारता. आम्ही ते जवळजवळ नेहमी मानलं.

जर्नलचे स्वतःचेही हितसंबंध असतात, ते विसरू नका. संस्थेच्या अधिवेशनाला स्टॉल लावणाऱ्या कंपनीचा पेपर, संस्थेच्या अध्यक्षांचा फोन, स्पॉन्सर्ड विशेषांक. यावर थोडक्यात एवढंच की जाहिरातीचं बघणारा माणूस आणि पेपर बघणारा माणूस वेगळा ठेवा, आणि अध्यक्षांचा फोन आला की तो फाइलमध्ये तारीख टाकून लिहा. लिहिलं जातं हे कळल्यावर फोन कमी होतात.

आणि लेखकाला संपादकाबद्दलच तक्रार असेल तर ती कोणाकडे करायची हे जर्नलच्या पानावर लिहिलेलं असू दे. लॅन्सेट या मेडिकल जर्नलने १९९६ पासून त्यासाठी बाहेरचा ओम्बड्समन, म्हणजे तक्रारी बघणारा तटस्थ माणूस, ठेवला. आम्ही कल्याणच्या एका निवृत्त प्राचार्यांना विनंती केली होती, पाच वर्षांत तीनच तक्रारी गेल्या त्यांच्याकडे, पण खाडीवाला मुलगा माझ्या दारात यायच्या आधी ते असते तर तो दोन वर्षं मनात कुढत बसला नसता.

छापून झाल्यावर काही उघडकीला आलं तर घाबरून लगेच पेपर मागे घेऊ नका, लपवूही नका. बाहेरच्या संपादकाकडून फाइल तपासून घ्या, निष्कर्ष टिकत असतील तर राहिलेला खुलासा दुरुस्ती म्हणून छापा, नसतील टिकत तर पुढची पावलं कोपच्या फ्लोचार्टमध्ये आहेत. २००६ मध्ये न्यूरोसायकोफार्माकॉलॉजी या जर्नलच्या संपादकांनी स्वतःच्याच जर्नलमध्ये डिप्रेशनच्या एका उपकरणावर आढावा लेख लिहिला आणि उपकरणाच्या कंपनीशी लेखकांचा असलेला आर्थिक संबंध छापायचा राहिला, जर्नलने दुरुस्ती छापली, आणि संपादकांनी पद सोडलं. एक ओळ वेळेवर छापली असती तर ती वेळ आली नसती असं मला तरी वाटतं.

तुमच्यासाठी क्रम असा धरा. आधी सरांचा हा एक पेपर हलवा, कारण तो आत्ता तुमच्या टेबलवर आहे. मग फॉर्म, मग सहसंपादकांच्या कंपन्यांची यादी, मग ईमेल आणि लॉगिनची साफसफाई, आणि सगळ्यात शेवटी हे सगळं एका पानाचं धोरण म्हणून पुढच्या बोर्ड मीटिंगला ठेवा. बहुतेक लोक धोरणापासून सुरू करतात आणि सहा महिने शब्दांवर भांडतात, तोवर पेपर छापूनही होतो.

सरांशी बोलायला मीटिंग नको, आणि व्हॉट्सॲप तर अजिबात नको. संध्याकाळी त्यांच्या केबिनमध्ये जा, एकटे जा. मी माझ्या सरांना जे म्हटलं होतं ते जसंच्या तसं देते, लागेल तसं बदला:

"सर, तुमच्या आणि तिच्या पेपरला मी आज नंबर दिला. तो तुमच्या लॉगिनला दिसणार नाही अशी सोय केलीय. नागपूरच्या मॅडमना त्या एका पेपरपुरतं संपादक व्हाल का विचारलंय, त्या हो म्हणाल्यात. रिव्ह्यूअर त्या निवडतील, मलाही फक्त पाठवण्यापुरती नावं कळतील. छापला गेला तर खाली दोन ओळी येतील, त्यांचा मजकूर आणलाय, तुम्ही बघून घ्या. माझा स्वतःचा पेपर आला तर माझ्यासाठीही हेच करायचं, तेही लिहून ठेवलंय."

माझे सर दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग त्या दोन ओळींतला एक शब्द त्यांनी पेनने दुरुस्त केला आणि कागद परत दिला.